तक्रार करणाऱ्या मुलीचे शिक्षण थांबू नये

प्रति,
मा. कलेक्टर, पांढुर्णा जिल्हा, आणि
मा. कुलगुरू, राजा शंकर शाह विश्वविद्यालय, छिंदवाडा.

विषय : पांढुर्णा व सौंसर येथील महाविद्यालयीन विद्यार्थिनींची सुरक्षितता आणि तक्रार-निवारणाची व्यवस्था.

महोदय,

विद्यापीठ परिसराच्या सुरक्षिततेचा विचार बहुधा कुंपणाच्या आतच फिरत राहतो. फाटकावरचा पहारेकरी, गळ्यातले ओळखपत्र, कोपऱ्याकोपऱ्यावरचे कॅमेरे आणि वसतिगृहाचे दार बंद होण्याची वेळ एवढ्यांची तजवीज झाली की परिसर सुरक्षित झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांना हे गणित लागू पडत नाही. येथील महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात ते छिंदवाड्यास आहे. 2019 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1857 साली जबलपूर येथे तोफेच्या तोंडी दिल्या गेलेल्या गोंड राजाचे नाव पुढे धारण केलेल्या या विद्यापीठाचा विस्तार छिंदवाड्याबरोबर बैतूल, सिवनी आणि बालाघाट या जिल्ह्यांतही आहे. मोहगाव, लोधीखेडा, पिपळा नारायणवार, तिगाव अशा गावांतली मुले-मुली रोज बसने, ऑटोने किंवा दुचाकीने तहसिलीच्या गावी शिकायला येतात, आणि ज्यांना पुढचे शिक्षण हवे असते ती छिंदवाडा, वरूड, काटोल, अमरावती किंवा शंभरेक किलोमीटरवरचे नागपूर गाठतात. त्यामुळे येथील विद्यार्थिनीचा परिसर म्हणजे महाविद्यालयाची इमारत एवढाच नसून गावच्या फाट्यापासून बसस्थानकापर्यंतचा रस्ता, पांढुर्णा स्थानकाचा फलाट, शिकवणी वर्गाची गल्ली, नागपुरातली भाड्याची खोली आणि हातातला मोबाईल असा तो लांबलचक पसरलेला असतो, आणि या लांबीपैकी फार थोड्या भागावर एखाद्या प्राचार्यांचा अधिकार चालतो.

इतक्या विखुरलेल्या परिसरात गुन्हा रोखण्याचे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे वेळेवर केलेली तक्रार, आणि नेमकी तीच येथे होत नाही. बसच्या गर्दीत रोज मुद्दाम खेटून उभा राहणारा प्रवासी, बसस्थानकापासून महाविद्यालयापर्यंत मोटारसायकल हळू करून मागे येणारा तरुण, रात्री-बेरात्री संदेश पाठवणारा अनोळखी क्रमांक, किंवा गुणांचा धाक दाखवून जवळीक साधू पाहणारा शिक्षक, यांपैकी कशाचीही घरी वाच्यता झाली की पहिला निर्णय त्या माणसाविषयी होत नाही, तो मुलीविषयी होतो. ‘उद्यापासून कॉलेजात जायचं नाही’ हे ते ठरलेले वाक्य असते. ते उच्चारणारे आईवडील निष्ठुर असतात असे नाही. आपली मुलगी सुखरूप राहावी एवढीच त्यांची इच्छा असते आणि भरवसा ठेवावा असा दुसरा मार्ग त्यांना कोणी दाखवलेला नसतो. मुलीला हे पुरते ठाऊक असते म्हणून ती गप्प बसते, ती गप्प बसते म्हणून त्रास देणाऱ्याची भीड चेपते, आणि अखेरीस प्रकरण उजेडात येते तेव्हा ते छेडछाडीपुरते उरलेले नसते. म्हणूनच तक्रार करणाऱ्या मुलीला तिची किंमत शिक्षणाने मोजावी लागणार नाही अशी व्यवस्था उभी करणे हाच गुन्हे-प्रतिबंधाचा पाया आहे, असे या पत्राचे म्हणणे आहे.

ही किंमत किती खोलवर जाते याचा अंदाज दिल्लीतील एका अभ्यासातून येतो. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या महाविद्यालय-निवडीची आणि जाण्यायेण्याच्या मार्गांची तुलना केली, तेव्हा असे दिसले की चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण असूनही मुली दुय्यम दर्जाचे महाविद्यालय पत्करतात, कारण तिथपर्यंतचा रस्ता त्यांना अधिक सुरक्षित वाटतो. मुलांच्या निवडीत असा त्याग दिसत नाही. जिथे मेट्रो आहे आणि बसचे असंख्य पर्याय आहेत त्या राजधानीत ही स्थिती असेल, तर दिवसाला मोजक्या फेऱ्या असलेल्या गावच्या मुलीला विज्ञान शाखा सोडून गावाजवळचे मिळेल ते शिकावे लागणे हे नवल नाही. गुन्हा घडलाच नाही तरी त्याच्या भीतीने झालेले हे नुकसान पोलीस ठाण्याच्या कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

प्रवासाच्या बाबतीत तर येथील विद्यार्थिनींची अवस्था सीमेपलीकडच्या मैत्रिणींपेक्षाही कठीण आहे. मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय 2005 मध्ये झाला आणि तेव्हापासून राज्यातली प्रवासी वाहतूक खासगी बसमालकांच्या हाती आहे. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागते, पण ती सवलत राज्याच्या हद्दीशी संपते. खासगी बस प्रवासी भरेपर्यंत हलत नाही, शेवटची फेरी कधी रद्द होईल याची शाश्वती नसते, आणि चालक-वाहकाविषयी तक्रार करायची तर त्याच बसने उद्या पुन्हा जायचे असते. डिसेंबरात येथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. प्रात्यक्षिकाचा तास पाचला संपला, बस सव्वासहाला निघाली आणि फाट्यावर उतरून संत्र्याच्या बागांमधल्या वाटेने गावात जायचे असले, तर त्या मुलीच्या दिवसातला सर्वांत धोक्याचा अर्धा तास महाविद्यालयाच्या वेळापत्रकानेच ठरवलेला असतो. लांबून येणाऱ्या विद्यार्थिनींच्या प्रात्यक्षिकाची तुकडी सकाळी ठेवायला एक रुपयाही खर्च येत नाही.

महाविद्यालयापर्यंतच्या वाटेवरच्या या धोक्याचे गांभीर्य विदर्भाला 3 फेब्रुवारी 2020 रोजी कळले. त्या सकाळी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका महाविद्यालयात शिकवणारी तरुण प्राध्यापिका गावाहून बसने येऊन महाविद्यालयाकडे पायी जात असताना नंदोरी चौकात तिच्यावर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले. नागपूरच्या रुग्णालयात 10 फेब्रुवारीस तिचा मृत्यू झाला आणि बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 रोजी, आरोपीला जन्मठेपेची शिक्षा झाली. आरोपी तिच्याच गावचा होता. हल्ल्याची जागा महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर, भर वस्तीच्या चौकात होती, आणि वेळ सकाळची होती. फाटकाच्या आतल्या कॅमेऱ्यांनी किंवा संध्याकाळी सातला बंद होणाऱ्या वसतिगृहाने ही हत्या टळली नसती. ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या अशा हल्ल्यांआधी पुष्कळदा पाठलागाचा एक दीर्घ काळ गेलेला असतो, आणि हस्तक्षेपाला वाव असतो तो त्याच काळात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार स्त्रीच्या इच्छेविरुद्ध वारंवार मागे जाणे, संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे किंवा इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तरीही ‘पोरगं मागे लागलं आहे’ या शब्दांत जे सांगितले जाते ते गुन्हा म्हणून क्वचितच ऐकले जाते.

गुन्हेशास्त्रात यासाठी एक साधी मांडणी आहे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलेल्या नित्यक्रम सिद्धान्तानुसार गुन्हा घडण्यासाठी तीन गोष्टी एकाच जागी आणि एकाच वेळी जुळून याव्या लागतात: गुन्हा करू इच्छिणारा, त्याच्या आवाक्यातले लक्ष्य, आणि अडवू शकेल अशा कोणाचाही अभाव. यातला तिसरा घटक प्रशासनाच्या हाती सर्वाधिक असतो. अडवू शकणारा म्हणजे दर वेळी पोलीसच असावा लागतो असे नाही; उशिरापर्यंत उघडे असलेले चहाचे दुकान, ठरलेल्या वेळी सुटणारी बस, फाट्यावरचा चालू दिवा, ओळखीचा वाहक, यांची उपस्थितीही ते काम करते. उलट आपल्याकडे सुरक्षिततेच्या नावाखाली जवळपास नेहमीच दुसऱ्या घटकाला हात घातला जातो, म्हणजे मुलीलाच त्या जागेवरून आणि त्या वेळेतून हटवले जाते. त्यातून रस्त्यावरच्या स्त्रियांची संख्या घटते आणि जी एखादी उरते ती आणखी एकटी पडते.

कायद्याने हा धडा केव्हाच घेतला आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाच्या प्रतिबंधाविषयीचे विनियम 2015 या वर्षाचे असून मे 2016 मध्ये ते अधिसूचित झाले. त्यांतल्या व्याख्येनुसार परिसर या संज्ञेत संस्थेने जाण्यायेण्यासाठी पुरवलेली वाहने, सहली, क्षेत्रभेटी, क्रीडास्पर्धा आणि प्रशिक्षणाच्या जागा यांचाही समावेश होतो. पुरेसा उजेड, भरवशाची वाहतूक, प्रशिक्षित सुरक्षारक्षकांत स्त्रियांचे योग्य प्रमाण यांची अपेक्षा ते करतात, आणि त्याच दमात असेही बजावतात की सुरक्षिततेची सबब सांगून विद्यार्थिनींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत किंवा त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर पाळत ठेवू नये. वसतिगृहाच्या दाराला लवकर कुलूप लावणे हा उपाय किती अपुरा आहे हे जून 2023 मध्ये मुंबईत दिसून आले. चर्नी रोडच्या शासकीय वसतिगृहात, सुट्टीमुळे बहुतेक मुली घरी गेल्या असताना, विदर्भातून शिकायला आलेल्या 18 वर्षांच्या विद्यार्थिनीची हत्या झाली आणि संशय तिथल्याच रखवालदारावर आला, ज्याचा मृतदेह त्याच दिवशी रेल्वेमार्गावर सापडला. दाराच्या आत कोण आहे, त्याची चारित्र्य-पडताळणी कोणी केली, आणि एकट्या उरलेल्या मुलीची विचारपूस करण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे प्रश्न कुलपाने सुटत नाहीत.

आता तक्रार ऐकणाऱ्या यंत्रणेकडे वळले पाहिजे, कारण सारा भार तिच्यावर आहे. विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे वर्षानुवर्षे कागदावरच राहिली, तेव्हा पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला लिहिलेले एक पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले गेले आणि त्यावर 2012 मध्ये अंमलबजावणीचे सविस्तर आदेश निघाले. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला. त्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, नसल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आयोगाच्या विनियमांप्रमाणे उच्च शिक्षणसंस्थेतील समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका असावी, निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात, बाहेरच्या सामाजिक संस्थेचा एक प्रतिनिधी असावा, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास निवडून आलेले विद्यार्थी-प्रतिनिधीही असावेत, आणि कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा सत्तास्थानी असलेल्यांनी तीत बसू नये. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी असे बंधन आहे.

या तरतुदी वाचताना तहसिलीच्या महाविद्यालयाचे वास्तव डोळ्यांसमोर ठेवावे लागते. मध्य प्रदेशात अध्यापनाचा मोठा भार अतिथी विद्वान म्हणून नेमलेल्या, म्हणजे दर सत्राला नेमणूक नव्याने व्हावी लागणाऱ्या शिक्षकांवर आहे. सहयोगी प्राध्यापकाच्या दर्जाची स्त्री अशा महाविद्यालयात मिळेलच असे नाही, आणि जी अतिथी विद्वान स्त्री समितीत घेतली जाते तिला वरिष्ठाविरुद्ध निष्कर्ष लिहिताना स्वतःच्या पुढच्या नेमणुकीचा विचार करावा लागतो. तिच्यावर दोष ठेवणे अन्यायाचे होईल. कायद्याने अशा स्थितीत दुसऱ्या कार्यालयातून अध्यक्ष नेमण्याची मुभा दिली आहे, आणि विद्यापीठाने छिंदवाड्यातील किंवा शेजारच्या जिल्ह्यांतील अनुभवी प्राध्यापिकांची एक यादी करून लहान महाविद्यालयांना त्या उपलब्ध करून दिल्या, तर समितीला कणा मिळेल.

समिती असणे पुरेसे नाही, ती शिकलेली असावी लागते, हे गोवा विद्यापीठाच्या प्रकरणाइतके स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या प्रकरणातून दिसत नाही. तेथील राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखांविरुद्ध विद्यार्थिनींनी 2009 मध्ये तक्रारी केल्या, समितीने मे महिन्यात सुनावण्या भराभर उरकल्या, प्राध्यापकांना बचावासाठी पुरेशी संधी दिली गेली नाही, आणि त्यांना सेवेतून काढण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, पण सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले गेले नाही म्हणून, तो रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. नैसर्गिक न्याय म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप आणि पुरावा दाखवून उत्तराची पुरेशी संधी देणे. समितीने ही संधी घाईत नाकारली आणि त्या घाईचा फटका सर्वांत जास्त तक्रारदार मुलींनाच बसला. विद्यार्थिदशेत केलेली तक्रार चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांचे शिक्षण कधीच संपलेले होते. आरोपीलाही इतकी वर्षे ना दोषी ना निर्दोष अशा स्थितीत काढावी लागली. ज्या समितीला साक्ष कशी नोंदवायची, उलटतपासणीचे प्रश्न लेखी कसे घ्यायचे, नावाची गुप्तता कशी राखायची हे कोणी शिकवलेले नाही, ती चांगल्या हेतूनेही दोन्ही बाजूंचे वाटोळे करू शकते.

याच खटल्याच्या पुढच्या टप्प्याचा पांढुर्ण्याशी थेट संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने 3 डिसेंबर 2024 रोजी सर्व राज्यांना आदेश दिला की प्रत्येक जिल्ह्यात 31 डिसेंबर 2024 पर्यंत कायद्यानुसार जिल्हा अधिकारी नेमावा आणि त्या अधिकाऱ्याने 31 जानेवारी 2025 पर्यंत स्थानिक समिती स्थापन करून प्रत्येक तहसिलीत तक्रारी स्वीकारणारा समन्वय अधिकारी नेमावा. पांढुर्णा जिल्हा 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून अस्तित्वात आला असल्याने येथे ही पदे छिंदवाड्याच्या जुन्या यादीतून आपोआप मिळण्यासारखी नाहीत. ती नव्याने उभी करावी लागतात, आणि तहसिली दोनच असल्याने ते काम अवघडही नाही. स्थानिक समितीचे महत्त्व असे की दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांतल्या, किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या, तक्रारी तिच्याकडे येतात. गावातले शिकवणी वर्ग, संगणक केंद्रे, अभ्यासिका बहुतेक याच प्रकारात मोडतात आणि महाविद्यालयीन मुली दिवसाचे कित्येक तास तिथे घालवतात, तरी तिथला त्रास सांगायला दार आहे हे फारच थोड्या जणींना ठाऊक असते. समन्वय अधिकाऱ्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची असते. त्या अधिकाऱ्याचे पदनाम, बसण्याची जागा आणि दूरध्वनी क्रमांक पांढुर्णा व सौंसरच्या बसस्थानकांवर, दोन्ही तहसील कार्यालयांत आणि प्रत्येक शिकवणी वर्गाच्या भिंतीवर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत लिहिलेले असावे, कारण 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भागाची कचेरी आणि शाळा हिंदीत गेली असली, तरी आईला सांगण्याची भाषा पुष्कळ घरांत आजही मराठीच आहे.

पोलिसांविषयी मध्य प्रदेशाकडे अभिमानाने सांगण्याजोगा एक अनुभव आहे. ऊर्जा महिला हेल्प डेस्क या नावाने राज्यातील पोलीस ठाण्यांत स्त्रियांसाठी जो स्वतंत्र कक्ष उघडला गेला त्याची पडताळणी 180 ठाण्यांत शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे काही ठाण्यांत कक्ष उघडून आणि काहींत न उघडता तुलना करून, झाली आणि तिचे निष्कर्ष 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारी नोंदवल्या जाण्याचे प्रमाण वाढले, आणि गुन्हे दाखल होण्यातली वाढ प्रामुख्याने जिथे कक्षाची सूत्रे महिला अधिकाऱ्याकडे होती तिथे दिसली. हा पुरावा याच राज्यातला असल्याने पांढुर्णा, सौंसर आणि लोधीखेडा येथील ठाण्यांत हा कक्ष महिला अधिकाऱ्याकडेच असावा आणि ती अधिकारी महिन्यातून एकदा महाविद्यालयात येऊन बसावी, ही मागणी अवास्तव ठरत नाही. ठाण्याची पायरी चढताना गावातल्या कोणी पाहिले तर काय, ही भीती महाविद्यालयाच्या खोलीत बरीच कमी होते.

सीमेचा प्रश्न वेगळा आहे. पांढुर्ण्याची मुलगी नागपुरात खोली करून राहते, तिला त्रास नागपुरात होतो, पण घाबरून ती घरी येते आणि वडील तिला घेऊन पांढुर्ण्याच्या ठाण्यात जातात. तिथे ‘हे महाराष्ट्रातलं प्रकरण आहे’ असे उत्तर मिळाले की कुटुंबाचा धीर तिथेच संपतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेतली पाहिजे. शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायच्या या नोंदीला झिरो एफआयआर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातल्या पांढुर्णा स्थानकावरून रोज गाडीने जाणाऱ्यांसाठी रेल्वेचा 139 हा क्रमांक आहे, तातडीसाठी 112, स्त्रियांसाठी 181, आणि छायाचित्रांचा गैरवापर किंवा ऑनलाइन धमक्यांसाठी 1930. हे क्रमांक प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापण्यापेक्षा ओळखपत्राच्या मागे छापलेले बरे. ज्या जिल्ह्यातून शेकडो मुले रोज राज्याची हद्द ओलांडतात तिथल्या पोलीस अधीक्षकांनी नागपूर ग्रामीण आणि अमरावती ग्रामीण पोलिसांशी विद्यार्थ्यांच्या तक्रारींपुरता एक कायमचा संपर्क अधिकारी ठरवणे, हे लहानसे काम पुष्कळ काही साधेल.

मुलग्यांची सुरक्षितता येथे गौण मानलेली नाही. रॅगिंगविरुद्धचे आयोगाचे 2009 चे विनियम सर्वांना लागू आहेत, त्यांनुसार संस्थाप्रमुखाने चोवीस तासांत पोलिसांत गुन्हा नोंदवायचा असतो, आणि 1800-180-5522 हा क्रमांक दिवसरात्र चालतो. आदिवासी आणि दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहात होणारा त्रास बहुधा थट्टेच्या नावाखाली जातिवाचक शब्दांनी सुरू होतो. मुंबईच्या नायर रुग्णालयात मे 2019 मध्ये जळगाव जिल्ह्यातून आलेल्या एका आदिवासी डॉक्टर विद्यार्थिनीने वरिष्ठांच्या अशा छळानंतर आत्महत्या केल्याचा आरोप आहे आणि तिची आई आजही न्यायासाठी लढते आहे. गोंड राजाच्या नावाच्या विद्यापीठाने या बाबतीत इतरांच्या चार पावले पुढे असावे, ही अपेक्षा गैर नाही.

या साऱ्यात एक गोष्ट सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत अवघड आहे: माहिती उघड करणे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लिहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात एप्रिल 1986 मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीची एका सहविद्यार्थ्याने हत्या केली. आपोआप बंद होणारी दारे कोणीतरी अडकवून उघडी ठेवली होती आणि परिसरात आधी घडलेल्या गुन्ह्यांची माहिती तिच्या आईवडिलांना कोणी दिलेली नव्हती. त्यांच्या लढ्यातून 1990 मध्ये झालेल्या कायद्याने केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी परिसरातील गुन्ह्यांचे आकडे जाहीर करणे भाग पडले. भारतात अशी सार्वजनिक सक्ती त्या रूपात नसली, तरी अंतर्गत समितीने वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे आणि संस्थेने तक्रारींची संख्या व निकाल आयोगाकडे पाठवायचा असतोच. व्यवहारात या अहवालांत बहुधा शून्य लिहिले जाते, आणि शून्य लिहिणारी संस्था चांगली मानली जाते. हे उलटे मोजमाप बदलण्याचा अधिकार हे पत्र ज्यांना उद्देशून आहे त्या दोघांकडे आहे. ज्या महाविद्यालयात दोन हजार मुली शिकतात आणि पाच वर्षांत एकही तक्रार येत नाही, तिथे त्रास नाही असे समजण्याऐवजी तिथे विश्वास नाही असे समजून तपासणी व्हावी. नावे गुप्त राखणे कायद्याने बंधनकारक आहे आणि लहान गावात ते जिवापाड जपले पाहिजे. पण आकडे गुप्त राखण्याचे कारण नाही.

पांढुर्णा प्रशासनाला नियोजन जमत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे परंपरेने चालत आलेली दगडफेक, होते, तेव्हा मोठा पोलीस बंदोबस्त लागतो, डॉक्टरांची पथके आणि रुग्णवाहिका उभ्या राहतात, दारूची दुकाने बंद होतात आणि कलेक्टर स्वतः जागेवर असतात. एका दिवसाच्या धोक्यासाठी दरवर्षी इतकी तयारी होते, तर वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ज्या वाटेने मुली शिकायला जातात त्या वाटेसाठी त्या तयारीचा शतांश तरी मागण्याचा हक्क नागरिकांना आहे.

म्हणून आपणा दोघांस कळकळीची विनंती अशी की येत्या शैक्षणिक सत्राचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी स्थानिक समिती आणि दोन्ही तहसिलींचे समन्वय अधिकारी यांची नावे जाहीर व्हावीत. विद्यापीठाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या समितीला प्रशिक्षण द्यावे आणि लहान महाविद्यालयांना बाहेरच्या अध्यक्ष द्याव्यात. बसमालक, प्राचार्य आणि पोलीस यांना एकत्र बसवून संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची वेळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी जुळवावी. फाट्यांवरच्या दिव्यांसाठी महाविद्यालयांच्या जनभागीदारी समित्यांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून तरतूद करावी. आणि तक्रार केलेल्या कोणत्याही विद्यार्थिनीची हजेरी, परीक्षा व शिष्यवृत्ती चौकशीच्या काळात अबाधित राहील असे लेखी आश्वासन विद्यापीठाने तिच्या पालकांच्या हाती द्यावे. हे शेवटचे काम सर्वांत आधी करावे. तो कागद घरात असेल तर ‘उद्यापासून जायचं नाही’ म्हणण्यापूर्वी बाप एकदा तरी थांबेल आणि प्राचार्यांना फोन करील.

कळावे,
पांढुर्णा–सौंसर परिसरातील एक नागरिक